उंबरठ्यावरचा भुकेला

जुन्या देवळात गेलं की मी देवाआधी कीर्तिमुख, म्हणजे दगडात कोरलेलं ते अक्राळविक्राळ तोंड, शोधतो. बटबटीत डोळे, शिंगांसारख्या वर वळलेल्या भुवया, फेंदारलेलं नाक, बाहेर आलेले दात, आणि बहुतेक वेळा खालचा जबडाच नाही. सिन्नरचं गोंदेश्वर घ्या नाहीतर १०६० सालचं अंबरनाथचं शिवालय, हे महाशय कुठे ना कुठे डोळे वटारून बसलेले असतातच.

त्यांची पुराणातली गोष्ट भन्नाट आहे. दैत्यराज जालंधराचा दूत म्हणून राहू कैलासावर आला आणि आपल्या राजासाठी चक्क पार्वतीलाच मागू लागला. शंकराच्या भुवयांमधून एक अक्राळविक्राळ प्राणी उसळला आणि राहूला खायला धावला. राहू शरण आला, सुटला. पण या प्राण्याच्या पोटात पेटलेल्या आगीचं काय? ‘मग स्वतःचेच हातपाय खा,’ शंकर म्हणाले. त्यानं खाल्ले! हात, पाय, पोट, सगळं. उरलं नुसतं तोंड. शंकर इतके खूश झाले, की नाव दिलं कीर्तिमुख आणि कायमची जागा दिली दारावर.

मला मात्र कौतुक पाथरवटाचं. पोट संपलं तरी भूक उरली, हे काळ्या दगडात दाखवायचं कसं? त्यानं तोंड उघडं ठेवलं आणि खाली काही कोरलंच नाही. खाल्लेलं जाणार कुठे?

देवाच्या मूर्तीत त्याला एवढी मोकळीक कुठली! तालमान, म्हणजे अवयवांची मापं, ठरलेलं, आयुधं ठरलेली, मुद्राही बहुधा प्रसन्नच हवी. देवळाच्या भिंतीवरची सुरसुंदरी, म्हणजे कोरलेली अप्सरा, तीसुद्धा पायातला काटा काढताना हूं की चूं करत नाही. राग, हाव, धसका हे सगळं मग आलं या नसलेल्या जनावरांच्या वाट्याला. जंजिऱ्याच्या दरवाज्यावर पंजांत हत्ती धरलेला प्राणी आहे, पण ती सरळसरळ सत्तेची फुशारकी. कीर्तिमुखाचं तसं नाही. एक चिडलेला, एक हसू दाबणारा, एखाद्याचे डोळे तर भाडं थकल्यावर दारात उभ्या राहिलेल्या घरमालकासारखे. त्या पाथरवटानं कुणाकुणाला मनात धरून छिन्नी चालवली असेल, देव जाणे.

आधी याला नमस्कार, मगच माझी पूजा, असं खुद्द शंकरांनी बजावलंय. म्हणून मी उंबरठ्याशी वाकतो. तेवढ्यात मागून रांगेतून आवाज येतो, ‘अहो काका, देव आत आहे, सरका पुढे!’