विकायला काही नसलेल्या जाहिराती

विजेच्या कामाशी ज्याचा कधी संबंध आला आहे, त्याला ‘एकदा मेगर मारून बघ’ हे वाक्य ओळखीचे असते. इन्सुलेशन तपासणाऱ्या या उपकरणाचे नाव हे लंडनच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीने १९०३ साली नोंदवलेले व्यापारचिन्ह आहे, हे एका जुन्या जाहिरातीवरून मला कळले आणि तेव्हापासून विद्युत मापन उपकरणांच्या, त्यातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जाहिराती मी जमवू लागलो.

त्या काळातल्याच का, याचे उत्तर माझ्या संग्रहातल्या सर्वांत लाडक्या पानावर आहे. ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश रेडिओविषयक मासिकाच्या १९४३ च्या अंकातली ती ॲव्होमीटरची जाहिरात. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेला हा मीटर, वेगवेगळी उपकरणे वागवून कंटाळलेल्या डोनाल्ड मॅकॅडी या टपाल खात्यातील अभियंत्याने तयार केला. वर त्याचे देखणे चित्र आहे आणि तळाशी बारीक अक्षरांत सूचना आहे, की सरकारी कंत्राटाचा क्रमांक आणि अग्रक्रम नोंदवलेली मागणीच आता स्वीकारली जाईल. गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला हे मिळणार नाही’ असे सांगण्यासाठी पैसे मोजून घेतलेली ती जागा पाहून मी आजही थबकतो.

अमेरिकेत एप्रिल १९४२ मध्ये नागरी रेडिओंचे उत्पादन थांबले, तरी न्यूअर्कची वेस्टन, शिकागोची सिम्प्सन आणि ओहायोतली ट्रिप्लेट या मापन उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती येतच राहिल्या. युद्धानंतर नाव लोकांच्या लक्षात राहावे हा हेतू होताच. शिवाय जाहिरातीचा वाजवी खर्च करपात्र नफ्यातून वजा होत असे.

एका विक्रेत्याने मला मासिकाच्या बांधीव खंडातून कापलेले पान पाठवले, तेही असे की पृष्ठक्रमांक आणि महिना कात्रीत गेलेला. एका जपून ठेवलेल्या खंडाचा असा नाश झाल्याचे मला फार वाईट वाटले. सुदैवाने कोपऱ्यात, युद्धकाळातल्या उत्तम उत्पादनासाठी कारखान्यांना मिळणाऱ्या अमेरिकी लष्कर आणि नौदलाच्या ‘ई’ पुरस्काराची पताका होती. हा संयुक्त पुरस्कार १९४२ मध्ये सुरू झाला आणि कामाचा दर्जा टिकवणाऱ्या कारखान्याला साधारण सहा महिन्यांनी पताकेवर एक तारा मिळे. त्या पताकेवर दोन तारे असल्याने ते पान १९४३ च्या आधीचे नाही, एवढे तरी ठरवता आले.

त्यानंतर मी सुटी पाने घेणे बंद केले. अख्खा अंक मिळाला, तरच घेतो.