क्वार्टरबॅक पाहायचा तर थर्ड डाऊनला पाहा

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टचे दिवस जवळ आले की माझा भाचा अमरावतीवरून फोन करतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मामा, यंदा कोणता क्वार्टरबॅक निंगते?" त्याच्याजवळ आकडे तयार असतात, कोणाचं कम्प्लिशन, म्हणजे नीट पकडले गेलेले पास, 70 टक्क्यांच्या वर, कोणाचे चाळीस टचडाऊन, कोणाचा पंजा किती इंचाचा, सगळं मोबाईलमध्ये. मी म्हणतो, "हे ठीक हाये रे बाबू, पन त्या पोट्ट्याले तिथं कराले काय लावलं होतं ते सांग पहिले." मग आमचं जे सुरू होतं ते जेवण थंड होईपर्यंत चालतं. एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हटलं, कारण क्वार्टरबॅक पारखायच्या या विषयावर मराठीत बोलायला माणूस भेटत नाही आणि मला तर वाटतं की खेळाच्या दुनियेत याच्याएवढं अवघड आणि याच्याएवढं गोडीचं दुसरं कामच नाही.

धामणगाव रेल्वेकडच्या खेड्यात हा खेळ कोणाला माहीत असणार, म्हणून थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉल, एनएफएल, 32 टीम. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट होतो, सात राउंड, मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात खाली राहिली तिला कॉलेजमधला खेळाडू पहिल्यांदा निवडायला मिळतो. तिकडे गुरुवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची पहाट, साडेपाचला सुरू होतं, आणि त्या दिवसांत आमच्याकडे तसंही सगळे गच्चीवर झोपलेले असतात त्यामुळे उठायला त्रास नाही. आता क्वार्टरबॅक म्हणजे बॉल ज्याच्या हातात येतो आणि पुढं काय करायचं हे जो ठरवतो तो. दहा यार्ड पुढं जायला चार चान्स मिळतात, त्यातला तिसरा म्हणजे थर्ड डाऊन, आणि तिसऱ्याला जर आठ-नऊ यार्ड बाकी असतील तर मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत असतं की आता हा बॉल फेकणार. समोरचे अंगावर येतात, हातात अडीच-तीन सेकंद, आणि तेवढ्यात कोण मोकळं आहे ते पाहून फेकायचं. मला जे कळतं ते इथंच कळतं, बाकीचं पहिल्या-दुसऱ्या डाऊनचं पाहणं आपलं मनोरंजन आहे.

कॉलेजचे आकडे फसवतात ते काहून, तर तिथला खेळ नियमानंच वेगळा आहे. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅश मार्कमधलं, म्हणजे बॉल ज्या दोन रेघांच्या मधात ठेवतात त्यांच्यातलं, अंतर 40 फूट, एनएफएलमध्ये 18 फूट 6 इंच, म्हणजे कॉलेजमध्ये बॉल एका बाजूला ठेवला की दुसऱ्या बाजूला मोकळं वावरच्या वावर पडलेलं असतं आणि तिथं एखादा चपळ पोट्टा सोडला की त्याला अडवायला माणसं पुरत नाहीत. दुसरं म्हणजे पास होण्याच्या आधी कॉलेजमध्ये लाईनमनला, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढं उभं राहून त्याला वाचवणाऱ्यांना, तीन यार्डपर्यंत पुढं जाता येतं आणि एनएफएलमध्ये एकच यार्ड, त्यामुळे ते आरपीओ म्हणतात ना, रन दाखवून पास, ते कॉलेजमध्ये इतकं सोपं पडतं की क्वार्टरबॅकला एकाच डिफेंडरकडे पाहायचं असतं, तो पुढं आला तर फेक, मागं थांबला तर बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला दे. त्याच्यात भर म्हणून स्क्रीन पास, खेळ जिथून सुरू होतो त्या लाईनच्या मागंच बॉल द्यायचा, पास पकडणारा रिसीव्हर पळून वीस यार्ड काढतो आणि कागदावर क्वार्टरबॅकच्या नावावर वीस यार्ड. कितीतरी टीममध्ये तर प्ले, म्हणजे ठरवलेली चाल, बदलायचा तो पण साईडलाईनवरून कोच सांगतो, पोट्टा फक्त मान वळवून पाहतो. मग 70 टक्के कम्प्लिशनमधले किती टक्के त्याचे आणि किती कोचचे, हे वेगळं काढल्याशिवाय तुम्ही त्याला पहिल्या राउंडमध्ये कसं घेणार?

2017 चा ड्राफ्ट घ्या. शिकागोचा तिसरा नंबर होता, एकच नंबर वर सरकायला त्यांनी वरून तीन पिक, म्हणजे निवडीचे हक्क, दिले आणि दुसऱ्या नंबरवर नॉर्थ कॅरोलिना कॉलेजचा मिचेल ट्रुबिस्की घेतला. पॅट्रिक महोम्स दहाव्या नंबरवर गेला, त्यासाठी कॅन्सस सिटी 27 वरून वर आली होती. महोम्स टेक्सास टेक कॉलेजचा, तिथली एअर रेड पद्धत, सारखे पासच फेकायचे, म्हणजे आकडे फुगणारच असं सगळे धरून चालत होते, आणि ते बरोबर पण होतं, ओक्लाहोमाविरुद्ध 2016 मध्ये त्यानं एका मॅचमध्ये 734 यार्ड फेकले आणि टीम 66-59 हरली! पण त्या मॅचेसमध्ये आकड्यांच्या पलीकडं पाहायला बरंच होतं. प्ले मोडला, लाईन फुटली, हा उजवीकडे पळतोय आणि पळता पळता हात खालून वाकडा फिरवून बॉल असा सोडतो की रिसीव्हरच्या छातीवर. कोणत्याही पद्धतीनं हे त्याला शिकवलं नव्हतं. ट्रुबिस्की चांगला नीटनेटका खेळायचा पण कॉलेजमध्ये त्याचे स्टार्ट, म्हणजे सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच, होते फक्त 13, त्यामुळे त्याचा प्ले मोडला की काय होतं हे कोणी पुरेसं पाहिलंच नव्हतं. आणि हे पण लिहिलं पाहिजे की महोम्सला कॅन्ससमध्ये अँडी रीडसारखा कोच मिळाला, पहिलं वर्ष अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागं बसून शिकायला मिळालं, सीझनच्या शेवटी एक मॅच, आणि दुसऱ्या वर्षी 50 टचडाऊन आणि एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू.

हे जे "कुठं पडला" आहे ना, याच्यावर मी भाच्याशी सगळ्यात जास्त भांडतो. आपल्याकडे जून आला की जो तो बियाण्याच्या पाकिटावर बोलतो, त्याच्या वावरात एकरी इतकं झालं म्हणून हेच घे, आणि घेणारा काळ्या भारी जमिनीचा की बरडाचा, ओलिताचा की कोरडवाहू, हे कोणी विचारत नाही. क्वार्टरबॅकचं शंभर टक्के असंच आहे आणि 2018 नं ते दाखवून दिलं. त्या वर्षी पहिल्या राउंडमध्ये पाच गेले. बेकर मेफिल्ड पहिला, सॅम डार्नल्ड तिसरा, जॉश अ‍ॅलन सातवा, जॉश रोझेन दहावा, लमार जॅक्सन बत्तिसावा. रोझेनचं थ्रो करणं सगळ्यात सुबक होतं असं म्हणत होते, अ‍ॅरिझोनात गेला, त्याच सीझनमध्ये ऑफेन्सचा, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाच्या खेळाचा, कोऑर्डिनेटर काढला, सीझन संपला तसा हेड कोच काढला, नवीन कोच आला त्यानं कायलर मरे घेतला आणि रोझेनला एका वर्षात मायामीला पाठवून दिलं. त्या पोट्ट्याला मुळं धरायला वेळच मिळाला नाही. डार्नल्ड जेट्समध्ये वाया गेला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि 2024 मध्ये मिनेसोटात त्याच डार्नल्डनं 14 मॅच जिंकून दिल्या. मेफिल्डचं पण तसंच, क्लीव्हलँडनं सोडला, इकडं तिकडं फिरला आणि टॅम्पात जाऊन जमला. लमारबद्दल तर बिल पोलियनसारख्या, एनएफएलच्या टीम चालवलेल्या मोठ्या माणसानं जाहीर सांगितलं होतं की त्यानं रिसीव्हर व्हावं! बाल्टिमोरनं उलट केलं, त्याच्या पायांचा अंदाज घेऊन अख्खा ऑफेन्स नव्यानं बांधला आणि 2019 मध्ये तो एकमतानं एमव्हीपी झाला.

आता जॉश अ‍ॅलन. याच्यावर मी थोडं जास्त लिहिणार कारण हा कास्तकाराचा पोरगा आहे, आणि तो पण कापसाच्या वावरातला. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या पश्चिमेला फायरबॉ नावाचं छोटंसं गाव, तिथं घरची शेती. बारावी झाली तेव्हा मोठ्या कॉलेजनं कोणीच विचारलं नाही, मग रीडली नावाच्या ज्युनिअर कॉलेजात खेळला, स्वतः बसून देशभरच्या कोचना ईमेल पाठवले आणि शेवटी वायोमिंगनं घेतला. ड्राफ्टच्या वेळी सगळ्यांचं बोट एकाच आकड्यावर, कॉलेजमधलं कम्प्लिशन 56.2 टक्के, एवढ्या कमी टक्क्यांचा माणूस एनएफएलमध्ये सुधरत नाही हा तेव्हा जवळपास नियम मानला जात होता. आणि पहिल्या वर्षी बफेलोत 52.8 आलं तेव्हा नियमवाल्यांना आनंदच झाला. पण वायोमिंगच्या मॅच पाहिल्या तर दिसतं की शेवटच्या वर्षी त्याचे आधीचे चांगले साथीदार निघून गेले होते, स्क्रीनसारखे फुकटचे पास त्याला फार मिळत नव्हते आणि हा प्रत्येक वेळी लांबचा, अवघडातला अवघड पास फेकत होता. काही थ्रो खरंच वाईट होते, पाय जमिनीवर नीट नसायचे. पण पाय सुधारता येतात. बफेलोनं धीर धरला, ऑफेन्सचा कोच ब्रायन डेबॉलनं त्याच्या हिशोबानं प्ले बनवले, 2020 ला स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आणून दिला, त्या वर्षी कम्प्लिशन 69.2. 2024 चा एमव्हीपी तोच. आपल्या खापरखेड्याकडचा उमेश यादव आठवा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, चामड्याचा बॉल नीट हातात आला तोच विशीच्या आसपास, आणि पुढं भारतासाठी टेस्ट खेळला. अशा ठिकाणचे पोट्टे पाहायचे तर त्यांनी आतापर्यंत काय केलं याच्या आधी त्यांना आतापर्यंत काय मिळालं हे पाहावं लागतं, आणि हे काम आकडा करू शकत नाही, त्याला माणूस लागतो, जो उन्हात-थंडीत तिथं जाऊन बसेल.

मापं मोजायच्या कामावर माझा फार जीव नाही. इंडियानापोलिसला कम्बाइन होतो, तिथं उंची, वजन, पंजा, 40 यार्डची धाव सगळं मोजतात, आधी तर 12 मिनिटात 50 प्रश्नांची वंडरलिक परीक्षा पण घ्यायचे, 2022 पासून ती बंद केली ते बरंच झालं. टॉम ब्रेडी 40 यार्ड 5.28 सेकंदात पळाला, 2000 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले, हा 199 वा, आणि सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकले सात. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. प्रो डे मात्र मला खरोखर धोक्याचा वाटतो कारण तिथं समोर कोणीच नसतं, चड्डी-बनियनवर आपल्याच कॉलेजच्या मैदानात आपल्याच रिसीव्हरना ठरवून ठेवलेले पास फेकायचे. झॅक विल्सननं 2021 ला डावीकडे पळत उलट्या अंगानं जो एक लांब पास फेकला त्याचा व्हिडिओ सगळ्या जगानं पाहिला, जेट्सनं दुसऱ्या नंबरवर घेतला आणि तीन सीझननंतर डेन्व्हरला देऊन टाकला. असा पास त्याला येत होता हे खरंच आहे, पण चार माणसं अंगावर असताना कुठं पाहायचं हे त्या व्हिडिओत कसं दिसणार?

दोन गोष्टी मात्र मी आकड्यातच पाहतो. एक, स्टार्ट किती. ट्रुबिस्कीचे 13 सांगितलेच, अँथनी रिचर्डसनचे पण 13, ट्रे लान्सचे 17 आणि त्याच्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोनं केवढी किंमत मोजली होती! आणि त्याच टीमला 2022 च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, 262 वा मिळाला ब्रॉक पर्डी, आयोवा स्टेटला चार वर्षं खेळलेला, तो त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. जेडन डॅनियल्स 55 स्टार्ट करून आला आणि पहिल्याच वर्षी वॉशिंग्टनला कॉन्फरन्सच्या, म्हणजे अर्ध्या लीगच्या, फायनलपर्यंत नेलं, बो निक्स 61 स्टार्ट करून आला आणि डेन्व्हर प्लेऑफमध्ये गेली. आता कॅम न्यूटन ऑबर्नला एकच सीझन खेळला होता आणि पुढं एमव्हीपी झाला, भाचा दर वेळी त्याचंच नाव काढतो, मी म्हणतो तसं शरीर आणि तसा हात दुसरा दाखव मग बोलू. कॉलेज बदलायच्या पोर्टलमुळं आजकाल पोट्टे दोन-तीन कॉलेज बदलून येतात, कॅम वॉर्डनं सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्डपासून सुरुवात केली, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामीचं कॉलेज, आणि 2025 ला पहिल्या नंबरवर गेला. हे मला आवडतं, कारण एकच पोट्टा वेगवेगळ्या कोचखाली, वेगवेगळ्या पद्धतीत पाहायला मिळतो आणि जे सगळीकडे सारखं राहिलं ते त्याचं स्वतःचं.

दुसरी गोष्ट, प्रेशर आलं की किती वेळा सॅक होतो, म्हणजे पास फेकायच्या आधीच पाडला जातो. ही सवय कॉलेजमधून सोबत येते. केलेब विल्यम्स कॉलेजमध्ये बॉल धरून ठेवायचा, काहीतरी मोठं होईल म्हणून थांबायचा, आणि शिकागोत पहिल्या वर्षी 68 वेळा सॅक झाला, लाईन खराब होती हे मान्य, कोच मध्येच काढला हे पण मान्य, पण सगळे काही लाईनचे नव्हते. शेडूर सँडर्सचं 2024 मध्ये कोलोरॅडोला कम्प्लिशन 74 टक्के, भाचा नाचत होता, आणि ड्राफ्टमध्ये तो 144 व्या नंबरपर्यंत घसरला. त्याच्या घसरण्यामागं खेळाच्या बाहेरची पण चर्चा खूप झाली, ती मी इथं काढत नाही, पण खेळापुरतं बोलायचं तर मागं मागं सरकत जाऊन सॅक घ्यायची त्याची सवय प्रत्येक मॅचमध्ये दिसत होती आणि 74 टक्क्यांत ती कुठंच दिसत नाही, कारण सॅक झाला तर पास फेकलाच नाही असं धरतात.

म्हणून भाच्याला यावेळी काम दिलंय. कॉलेजचा सीझन सुरू झाला की शनिवारी रात्री साडेनऊला आपल्याकडे पहिल्या मॅचेस लागतात, एक वही घ्यायची, कोणताही एकच क्वार्टरबॅक निवडायचा आणि थर्ड डाऊनला सात यार्डच्या वर बाकी असेल तेवढेच प्ले लिहायचे. पहिला रिसीव्हर बंद असताना दुसऱ्याकडे नजर गेली का, पाय हलले का, बॉल कोणत्या हॅशवरून कुठं फेकला, मार बसणार हे दिसत असताना फेकला का, आणि मार खाऊन उठल्यावर पुढच्या ड्राईव्हला, म्हणजे बॉल परत मिळाल्यावर, तसाच उभा राहिला का. टीम पंचवीस पॉइंटनं पुढं असतानाचे प्ले सोडून द्यायचे. तो म्हणाला, "मामा, याच्यात टक्केवारी कुठं लिहू?" मी म्हटलं कोपऱ्यात लिही, लहान अक्षरात.