इन्स्टॉलवर्ल्ड, एरर १२७ आणि २०१२ सालचं घड्याळ

घरच्या फ्रीबीएसडी (युनिक्स वळणाची ऑपरेटिंग सिस्टीम) मशीनला १३.५ वरून १४.३ वर न्यायचं काम मागच्या नोंदीत बिल्डवर्ल्डपर्यंत, म्हणजे कर्नल सोडून बाकी सिस्टीम सोर्सवरून बांधण्यापर्यंत, आलं होतं. ते इन्स्टॉलवर्ल्डला, म्हणजे बांधलेलं जागेवर बसवताना, अडकलं. आता मशीन १४.३ वर आहे आणि बरं चाललंय. तरी मधला सगळा प्रकार लिहून ठेवतोय, कारण स्क्रीनवरची एरर कंपायलरकडे बोट दाखवत होती आणि बिघाड निघाला मदरबोर्डवरच्या सेलमध्ये.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मशीनची कुंडली: तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोअर, ८ जीबी रॅम, एसएसडीवर झेडएफएस ही फाइलसिस्टीम. दुसऱ्या डिस्कवर विंडोज, ते बहिणीच्या टॅलीसाठी. यूपीएसची बॅटरी केव्हाच गेली, बदलायचं राहूनच जातंय. फ्रीबीएसडी-अपडेटने तयार बायनरी मिळत असताना सोर्सवरून कशाला, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. त्यातून फक्त जेनेरिक, म्हणजे सगळ्यांसाठी एकच असलेला कर्नल (सिस्टीमचा गाभा) येतो आणि माझी ‘सोलापूर’ नावाची वेगळी कॉन्फिग आहे, जेनेरिक इन्क्लूड करून नको ते ड्रायव्हर गाळलेली. त्याने वेगात काही फरक पडतो का? नाही पडत. हौस आहे, दुसरं काय. १३ च्या शाखेचा आधार ३० एप्रिल २०२६ पर्यंतच, म्हणून एवढा तरी मुहूर्त लागला.

बिल्ड लावला तेव्हा जुळे सोलापुरात परतीचा पाऊस कोसळत होता. बिल्डवर्ल्डचा बहुतेक वेळ एलएलव्हीएम आणि क्लँग, म्हणजे खुद्द कंपायलरच, खातात. चारही कोअर तापलेले, पंखा फुल्ल. आईने दारातून विचारलंच, “रात्रभर काय दळण लावलायस का रे?” मध्यरात्रीनंतर कधीतरी लाईट गेली. सकाळी ती आल्यावर मशीन चालू केलं आणि तीच कमांड परत दिली. मेटा मोड चालू असल्यामुळे सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. फाइलमॉन मॉड्यूल लोड केलेलं असलं की मेक (बिल्ड चालवणारं हत्यार) प्रत्येक फाइलमागे कुठली कमांड चालली आणि तिने काय काय वाचलं याची नोंद ठेवतो, आणि जेवढं राहिलंय तेवढंच करतो. ज्यांनी अजून चालू केला नसेल त्यांच्यासाठी: मेटा मोडची ओळ एसआरसी-एन्व्ह डॉट कॉन्फमध्ये टाकायची, एसआरसी डॉट कॉन्फमध्ये नाही.

बिल्डवर्ल्ड पूर्ण, बिल्डकर्नल पूर्ण, इन्स्टॉलकर्नल, रीबूट. नवा कर्नल एका झटक्यात उठला. सिंगल यूजरमध्ये (फक्त रूटचा, कमीत कमी गोष्टी चालू असलेला मोड) ईटीसीअपडेट -पी, म्हणजे कॉन्फिग फाइलींची पूर्वतयारी, मग इन्स्टॉलवर्ल्ड. लायब्रऱ्या भराभर बसत गेल्या आणि मग एका डिरेक्टरीत गाडी थांबली: ‘एसएच: सीसी: नॉट फाउंड’, खाली तीन तारे आणि एरर कोड १२७.

१२७ म्हणजे शेलला ती कमांडच सापडली नाही. सीसी म्हणजे कंपायलर, त्यामुळे पहिल्यांदा वाटतं की तोच उडाला. पण दुसऱ्या प्रॉम्प्टवर सीसी --व्हर्जन दिलं तर उत्तर नीट येत होतं. इथे इन्स्टॉलवर्ल्ड आतून कसं चालतं ते माहीत असलं की डोकं शांत राहतं. सिस्टीमची हत्यारं बदलत असताना तीच हत्यारं वापरणं धोक्याचं, म्हणून सुरुवातीला ते आपल्याला लागणारी मोजकी हत्यारं टेम्पमधल्या एका तात्पुरत्या डिरेक्टरीत कॉपी करतं आणि पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या जागांची यादी, तेवढ्यापुरताच ठेवतं. त्या यादीत कंपायलर नसतोच, कारण इन्स्टॉल करताना काही कंपाइल होणंच अपेक्षित नाही. म्हणजे सीसी कुठे गेला हे शोधण्यात अर्थ नव्हता. बांधून झालेली गोष्ट मेकला परत का बांधायची होती, ते शोधायचं होतं.

टेम्प नोएक्झेक (तिथल्या फाइली चालवायला मनाई) माउंट असला तरी इन्स्टॉलवर्ल्ड पडतं, हे बऱ्याच जणांनी अनुभवलंय. पण तिथे ‘परमिशन डिनाइड’ येतं, आणि माझ्याकडे एक्झेक चालूच होतं. यूनेम -के ने १४०३००० दाखवलं, यूनेम -यू ने १३०५०००. म्हणजे कर्नल नवा, लिबसी (सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) नवी, वरच्या बऱ्याचशा बायनरी जुन्या. अशा अवस्थेत घाबरून बटण दाबून मशीन बंद करायची गरज नसते. जुन्या बायनरी नव्या लिबसीवर आणि नव्या कर्नलवर चालतात, तशी सोय केलेलीच असते. उलटं झालं, म्हणजे नव्या बायनरी जुन्या कर्नलवर, तर मात्र पंचाईत. आधी कर्नल आणि मग वर्ल्ड हा क्रम त्यासाठीच आहे.

मग जिथे अडलं होतं त्याच डिरेक्टरीच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन निघालेला माल) एलएस ने पूर्ण तारखेसकट बघितल्या. तिथे ओळीने एकच साल होतं, २०१२. जानेवारी २०१२ मध्ये कंपाइल झालेलं १४.३!

पुढचं कोडं आपोआप सुटलं. गिटने सोर्स उतरवला तेव्हा घड्याळ बरोबर होतं, त्यामुळे सोर्स फाइलींवर या वर्षीच्या तारखा. लाईट जाण्याआधी बांधलेल्या ऑब्जेक्ट फाइलीही ठीक. लाईट गेली, मदरबोर्डवरचा सेल मेलेला असल्याने घड्याळ बायॉसच्या मूळ तारखेवर, १ जानेवारी २०१२ वर गेलं, आणि उरलेला बिल्ड त्या काळात झाला. मेकचा हिशेब साधा: सोर्स ऑब्जेक्टपेक्षा नवा असेल तर परत कंपाइल कर. इन्स्टॉलच्या वेळी त्याला अर्ध्या वर्ल्डचा सोर्स तेरा वर्षांनी नवा दिसला आणि तो कंपायलर शोधत बसला. फाइंडला सोर्समधल्या ‘अपडेटिंग’ नावाच्या फाइलपेक्षा जुनं ते सगळं काढायला सांगितलं, तेव्हा लाईट कुठे गेली ती रेघसुद्धा यादीत जवळपास स्पष्ट दिसली. चार जॉब एकदम चालत असल्याने ती जरा वेडीवाकडी होती इतकंच.

नेटवरून घड्याळ जुळवणारा एनटीपीडी होता की, त्याने घड्याळ का नाही सुधारलं? लॉगमध्ये उत्तर होतं. फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त दिसला तर एनटीपीडी हात लावत नाही, ‘सॅनिटी लिमिट’ म्हणतो, घड्याळ हाताने लावा असं सांगतो आणि बंद पडतो. माझा फरक त्रेचाळीस कोटी सेकंदांच्या घरात. त्याचं वागणं मला पटतं: एवढा फरक दिसला तर समोरचा सर्व्हर खोटं बोलत असण्याचीही शक्यता असते. पण मेलेल्या सेलच्या मशीनवर आरसी डॉट कॉन्फमध्ये एनटीपीडी-सिंक-ऑन-स्टार्ट ‘येस’ हवंच. मग सुरू होताना एकदा कितीही मोठी उडी मारायची परवानगी त्याला मिळते. त्याच सकाळी गिटनेही सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही अशी कुरकुर केली होती. ती याचीच. सर्टिफिकेटची ही विशिष्ट तक्रार दिसली की आधी डेट ही कमांड द्यायची.

जाता जाता विंडोजसोबत नांदणाऱ्यांसाठी एक. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं. फ्रीबीएसडीला ते माहीत असतं, पण सिंगल यूजरमध्ये ती दुरुस्ती आपोआप होत नाही, आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे धावतं. म्हणून तिथे पोचल्यावर पहिली कमांड एडीजेकर्नटीझेड -आय. या वेळचा घोटाळा तिचा नव्हता, पण साडेपाच तासांचा फरकही मेकला गोंधळात पाडायला पुरतो.

दुरुस्तीला दोन वाटा होत्या. एक म्हणजे सगळ्या ऑब्जेक्ट फाइलींना टच मारून आजची तारीख द्यायची. काही जण करतात आणि बऱ्याचदा निभावतंही. मला ते नको होतं. एकावर एक अवलंबून असलेल्या हजारो फाइलींच्या तारखांचा क्रम टच पुसून टाकतो, आणि मग खरंच शिळं काय राहिलं ते कुणालाच कळत नाही. दुसरी वाट, बीईसीटीएल. बिल्डच्या आधी या कमांडने बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टीमची परत बूट करता येणारी प्रत, बनवून ठेवलं होतं. लोडरच्या मेन्यूतून ते निवडलं आणि १३.५ जसंच्या तसं समोर उभं राहिलं, जुन्या कर्नलसकट.

यात एक गंमत आहे. इन्स्टॉलरच्या नेहमीच्या मांडणीत /यूएसआर/एसआरसी चा, म्हणजे सोर्सचा, डेटासेट (झेडएफएसमधला कप्पा) वेगळा असतो, पण बांधलेला माल जिथे पडतो ते /यूएसआर/ऑब्ज रूटच्याच डेटासेटमध्ये, म्हणजे बूट एन्व्हायर्नमेंटच्या आत राहतं. त्यामुळे मागे गेल्यावर सोर्स १४.३ चाच होता आणि ऑब्ज आयताच रिकामा मिळाला. ऑब्जला वेगळा डेटासेट द्यावा असं बरेच दिवस मनात होतं. आता नाही देणार.

सेल आणायला नवी पेठेत गेलो. घड्याळवाल्या मामांना म्हटलं, सीआर २०३२ द्या. “गाडीच्या रिमोटला का?” “नाही मामा, कॉम्प्युटरला.” “कॉम्प्युटरला सेल असतोय?” त्यांनी जुना मल्टिमीटरला लावून बघितला. तीन व्होल्टचा सेल, दोनच्याही खाली उतरलेला. नवा टाकला, बायॉसमध्ये तारीख लावली, मशीनची पिन काढून थोडा वेळ तसंच ठेवलं आणि घड्याळ टिकतंय याची खात्री केली.

दुसरा बिल्ड -जे३ वर, म्हणजे एका वेळी तीनच जॉब, लावला. ८ जीबीत झेडएफएसचा एआरसी (रॅममधला कॅशे) आणि क्लँगचं लिंकिंग एकत्र नांदत नाहीत. जास्त जॉब दिले की कर्नल मेमरीअभावी प्रोसेस मारायला लागतो. या वेळी लाईट टिकली. इन्स्टॉलवर्ल्ड एका दमात शेवटपर्यंत गेलं, सीसीचं नावही निघालं नाही.

पुढचं नेहमीचं. ईटीसीअपडेटला मास्टर डॉट पासवर्डमध्ये कॉन्फ्लिक्ट आला, कारण १४ पासून रूटचा शेल सीएसएचऐवजी एसएच झालाय आणि त्याच ओळीत आपला पासवर्डचा हॅशही असतो. रिझॉल्व्ह करताना ती ओळ डोळ्यात तेल घालून बघा, नाहीतर रूटचा पासवर्ड गायब. आय९१५केएमएस हे इंटेल ग्राफिक्सचं मॉड्यूल मी आरसी डॉट कॉन्फमध्ये आधीच कॉमेंट करून ठेवलं होतं. १३ वर बांधलेलं ग्राफिक्स मॉड्यूल १४ च्या कर्नलला ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हणून चालत नाही. ड्रम-६१-केमॉड पोर्टवरून बांधल्यावर कॉमेंट काढली, स्क्रीन व्यवस्थित. मग पीकेजी-स्टॅटिकने सगळी पॅकेजेस सक्तीने नवी केली. १४.० पासून ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर) १.१.१ जाऊन ३.० आलंय, त्यामुळे त्यातल्या लिबक्रिप्टो लायब्ररीचा आकडा १११ वरून ३० झालाय आणि जुनी पॅकेजेस तशीच ठेवून भागत नाही.

डिलीट-ओल्ड, म्हणजे जुन्या फाइली काढणं, झालंय. जुन्या लायब्रऱ्या काढणारं डिलीट-ओल्ड-लिब्स बाकी आहे, कारण माझा स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम अजून लिबक्रिप्टो १११ ला जोडलेला आहे, तो आधी परत कंपाइल करायचाय. झेडपूल स्टेटस ही कमांड पूल (झेडएफएसचा डिस्कवरचा साठा) अपग्रेड करा म्हणून मागे लागलीय, पण १३.५ चं एन्व्हायर्नमेंट ठेवायचं असेपर्यंत ते करणार नाही. नवी फीचर्स चालू झाली की १३ चा कर्नल पूल लिहायच्या हक्काने उघडणार नाही. शिवाय ईएफआय पार्टिशनवरचा लोडर इन्स्टॉलवर्ल्ड बदलत नाही. तो आधी हाताने कॉपी केला नाही, तर ‘व्हीडेव्ह-झॅप्स-व्ही२’ हे फीचर ओळखत नाही म्हणून बूट तिथेच थांबतं. लोडर या रविवारी बदलेन, पूलचं नंतर बघू.