वाटाण्याएवढा घास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला आणि मला घंटा, मैदान, प्रार्थना यांतलं काहीच आधी आठवलं नाही. आठवला तो शिजलेल्या कोबीचा वास, आणि पाठोपाठ विज्ञानाच्या बाई. नाव लिहीत नाही. आपल्याकडे नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं. बाकीच्या शिक्षकांचंही ऋण आहेच, पण लिहायला बसले की पेन बाईंपाशीच जातं.

सहावीत होते. कोबी माझ्या घशाखाली उतरत नसे. डब्याचं झाकण उघडलं की वास नाकात जायचा आणि जीभ आधीच आकसायची. एकदा मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागच्या पिंपात मी सगळा डबा उपडा केला. वळून बघते तर बाई उभ्या.

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. बाईंनी विचारलं, “कसा लागतो गं तुला?”

मला हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. “कडू,” मी म्हटलं. घरी याचं उत्तर ठरलेलं होतं: कोबी कुठे कडू असतो, नखरे आहेत नुसते. बाई एवढंच म्हणाल्या, “बरं.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गात कागदाच्या बारीक पट्ट्या आणल्या. पट्ट्यांना पीटीसी नावाचं रसायन अगदी किंचित लावलेलं होतं. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून त्याची पूड हवेत उडाली. शेजारी काम करणारा सहकारी ‘किती कडू’ म्हणून तक्रार करू लागला आणि फॉक्स यांना स्वतःला काहीच चव लागेना. एकच पदार्थ, दोन माणसं, दोन चवी. ही हकिकत सांगून बाईंनी पहिली पट्टी स्वतःच्या जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि मग आम्हाला वाटल्या. माझ्या शेजारणीला नुसता कागद लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई सगळ्या वर्गाला म्हणाल्या, “हिला कडू लागतं म्हणजे लागतं. जीभ खोटं बोलत नाही.”

त्या दिवशी मी घरी पळत गेले होते, एवढं आठवतं.

पण बाई तिथेच थांबल्या असत्या तर मी आजही कोबीपासून लांबच असते. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मला शिक्षकखोलीच्या पायरीवर बोलावणं सुरू झालं. बाईंच्या डब्यात कोबी असायचा. त्यातला वाटाण्याएवढा घास मी तोंडात घ्यायचा. गिळायची सक्ती नाही, नको वाटलं तर थुंकायचा. ‘खाल्लास तर अमुक देईन’ नाही, शाबासकीही नाही. उरलेला कोबी बाई माझ्यासमोर शांतपणे खायच्या आणि भलत्याच विषयावर गप्पा मारायच्या. माझ्या वहीच्या मागच्या पानावर रोज एक चेहरा काढायचा: वाकडा, सरळ किंवा हसरा. पहिले पाच चेहरे वाकडे आहेत. वही अजून माझ्याकडे आहे.

सहाव्या दिवशी बाईंनी कच्चा कोबी बारीक चिरून, मीठ-लिंबू लावून आणला. मिठाने कडूपणा दबतो, आणि कोबी फार वेळ शिजवला की त्यातल्या गंधकाच्या संयुगांचा वास वाढतो, तो इथे नव्हता. तोंडात कुरकुरलं. चेहरा सरळ. बाराव्या दिवशी मी न विचारता दुसरा घास घेतला. बाईंनी पाहिलं, पण बोलणं सुरू होतं ते सुरूच ठेवलं. तेव्हा त्यांनी ‘वा!’ म्हटलं असतं तर मी बहुधा लाजून हात मागे घेतला असता.

गेली बावीस वर्षं मी लहान मुलांची आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. बाईंनी पायरीवर जे केलं ते पुढे मला अभ्यासक्रमात भेटलं. लीअन बर्च या संशोधिकेने १९८०च्या दशकात मुलांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं, की नवी चव पुन्हा पुन्हा, थोडी थोडी आणि दडपण न आणता समोर आली की आवड वाढत जाते. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा लागतात. घरोघरी दोन-तीन वेळांतच ‘याला आवडतच नाही’ असा शिक्का बसतो. ‘भाजी संपव, मग गोड मिळेल’ म्हटलं की गोडाची ओढ वाढते आणि भाजी शिक्षा होऊन बसते. पीटीसीच्या कडूपणामागचं जनुक तर २००३ मध्ये सापडलं. कोबी, फ्लॉवर, मोहरीच्या कुळातल्या काही संयुगांचा कडूपणा त्याच जनुकामुळे कुणाला जास्त, कुणाला कमी जाणवतो. ते वाचताना मला बाईंचं ‘जीभ खोटं बोलत नाही’ ऐकू आलं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी ‘कसा लागतो?’ हेच विचारते. सगळ्याच चवी शेवटी आवडतात असं मी कुणालाही सांगत नाही. मुळ्याशी माझं आजही जमलेलं नाही. आणि एखादा पदार्थ खाल्ल्यावर उलट्या झाल्या असतील, तर त्या पदार्थाचा दोष नसला तरी शरीर त्याच्यावरच ठपका ठेवतं. तिथे महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते.

आता शाळेत मधली सुट्टी वीस मिनिटांची झाली आणि शिक्षक वेगळ्या खोलीत जेवतात, असं ऐकलं. नव्या इमारतीत ती पायरीही नाही म्हणे. वाईट वाटलं. वीस मिनिटांत डबा संपतो, पण नावडती चव हळूहळू ओळखीची व्हायला आणि शेजारी बसून खाणारं मोठं माणूस दिसायला वेळ कुठून आणायचा?

बाई गेल्या तेव्हा मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या मुलीला वही दाखवली. चेहऱ्यांवरून बोट फिरवत ती म्हणाली, “आईला कोबी मुळीच चालायचा नाही, कडू लागायचा. त्या वर्षी अचानक रोज डब्यात द्यायला सांगू लागली. सुरुवातीला घरी आली की आधी चूळ भरायची.”

“मग?” मी विचारलं.

“मग हळूहळू सुट्टीच्या दिवशीही मागायला लागली.”