गुणाचं बाळ, रडतच नाही

"बाळ अगदी गुणाचं आहे हो, रडतच नाही." हे वाक्य मे महिन्यापासून माझ्या कानाला सहन होत नाही. कुणी कौतुकानं म्हणालं की मी आधी बाळाचं तोंड बघते आणि मग विचारते, दिवसातनं लघवी किती वेळा करतंय. बायका हसतात, म्हणतात ताईंना दुसरं काही सुचत नाही.

मी आशा वर्कर, सोलापूर जिल्ह्यात. गावाचं नाव लिहीत नाही, लगेच कळेल कुणाच्या घरचं आहे. आमचं काम म्हणजे पोलिओचे डोस आणि डिलिव्हरीला सोबत जाणं एवढंच लोकांना माहीत असतं. पण जन्मलेलं बाळ घरी जाऊन तपासणं हेही आमचंच काम, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. सगळ्या भेटी झाल्या, फॉर्म भरला, तर बाळामागं २५० रुपये. ही पद्धत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या कामातनं आली, तिथं गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं होतं, आणि २०११ पासून ती देशभर घेतली. मला याचा अभिमान आहे, उगाच नाही सांगत. पिशवीत वजनकाटा, झोळी, थर्मामीटर, श्वास मोजायला घड्याळ, एवढ्यावर बाळाचं बरंच काही कळतं.

फक्त बाळ आमच्या भागाच्या यादीत पाहिजे. मे महिन्यातलं हे बाळ यादीत नव्हतं. पोरगी पुण्याची, नोकरीवाली, सिझर तिकडंच एका खाजगी दवाखान्यात झालं आणि टाके ओले असतानाच पाचव्या दिवशी गाडीनं माहेरी आली, पहिलं बाळंतपण म्हणून. नाव पुण्यात आणि बाळ माझ्या गल्लीत. पुण्याच्या आशाला वाटणार गावाला गेली, आणि मला तर कुणी कळवणारच नाही. माहेरी येणाऱ्या बाळंतिणी आपल्याकडं काय नवीन आहेत का, पण सिस्टीमला हे अजून कळलेलं नाही.

मी शेजारी बीपीच्या गोळ्या द्यायला गेले होते तर भिंतीपलीकडनं तिच्या आईनं हाक मारली. "आशाताई, जरा या की इकडं. ही पोरगी माझं ऐकंना, तुमचं तरी ऐकंल."

भांडण नेहमीचंच होतं. पोरीच्या आईला, म्हणजे आक्कांना, बाळाला गाईचं दूध पाणी घालून द्यायचं होतं. पोरगी म्हणत होती, डॉक्टरांनी सांगितलंय सहा महिने फक्त अंगावरचं, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पोरगी बरोबर होती, आणि आम्हीपण मीटिंगमध्ये हेच घसा फोडून सांगतो. मी तिच्या बाजूनं तोंड उघडणार तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "बरं नको देऊ, पण लंगोट्या तरी बघ की. काल दिवसभरात दोन भिजल्या. तुझ्या वेळंला दोरी पुरत नव्हती मला."

उन्हाळ्यानं पुरळ आलं म्हणून त्यांनी डायपर बंद करून जुन्या साडीच्या लंगोट्या काढल्या होत्या आणि धुणं त्यांच्याकडं होतं, म्हणून कळलं. डायपर असता तर जड आहे का हलका एवढंच कुणी बघितलं असतं, तेही बघितलं असतं तर. मी म्हणलं लंगोटी दाखवा. मधोमध विटकरी डाग. आक्कांना वाटत होतं उष्णता आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत असा डाग दिसला तर चालतं, पण बाळ नऊ दिवसांचं होतं. या वयाला दिवसातनं सहा तरी लंगोट्या चांगल्या भिजायला पाहिजेत, आणि शी पिवळी व्हायला पाहिजे, ती अजून काळपट हिरवी होती आणि तीही जरा जरा.

बाळ पाळण्यात गाढ. तळव्याला टिचकी मारली तर पाय ओढला, डोळे नाही उघडले. परत मारली तेव्हा रडलं, पण आवाज पिचका, आणि लगेच गप्प. तोंडात बोट घातलं तर ओल नाही, बोट चिकटतंय. काखेत ताप १०१. सगळे कपडे काढून झोळीत घातलं. काटा २६०० वर थांबला. डिस्चार्ज कार्डावर जन्मवजन ३१००. मोबाईलवर हिशोब केला, सोळा टक्के गेलेले.

आता यातली गंमत बघा, गंमत कसली म्हणा. आमच्या काट्यावर रंगाचे पट्टे असतात, लाल, पिवळा, हिरवा. अडीच किलोच्या वर हिरवा. म्हणजे अर्धा किलो झिजलेलं बाळ माझ्या काट्यावर हिरव्यात होतं. जन्मल्यावर वजन थोडं उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत कुणी घाबरत नाही, दहाच्या पुढं गेलं की दाखवावं लागतं आणि दोन आठवड्यांत परत जन्मवजनावर यायला पाहिजे. पण हे सगळं कार्ड हातात असेल तर. नुसता रंग बघणारी असती तर चहा पिऊन निघून आली असती.

पोरीला म्हणलं, माझ्यासमोर पाज. हे मी कुठंही सोडत नाही, लाजली तरी. "पितंय का" विचारलं की सगळ्या हो म्हणतात. बाळ छातीशी होतं, ओठ हलत होते, लांबनं बघणाऱ्याला पितंयच वाटलं असतं. पण तोंडात फक्त बोंड होतं. तोंड मोठं उघडलेलं पाहिजे, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसला पाहिजे, खाली कमी. इथं यातलं एकही नव्हतं. आणि घोट गिळल्याचा आवाज येतो, दोन-तीन चोखण्यांनंतर एक घोट, तो मी कान लावून ऐकला, नव्हता. बोंडं बसकी, त्यात सिझरमुळं दूध उशिरा उतरलेलं. बाळ तासभर चोखायचं, दमायचं आणि झोपायचं, आणि घरादाराला वाटायचं पोट भरलं, किती शहाणं आहे.

१०२ ला, सरकारी गाडीसाठी, फोन लावला. जावई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, म्हणे मी उद्या सकाळी पोचतो, तोवर थांबा, आमच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲप केलंय. मी फोन आक्कांच्या हातात दिला. त्या काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही पण गाडीत सगळे बसले. गाडी येईपर्यंत हातानं पिळून दूध काढलं, चमचाभर निघालं असेल, ते बोंडल्यानं थोडं थोडं पाजलं. आक्का साखरपाणी घेऊन उभ्या होत्या, ते नको म्हणलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात बाळाच्या रक्तातलं सोडियम १६८ आलं, पाहिजे १३५ ते १४५. डॉक्टरांनी आक्कांना कळेल असं सांगितलं, दूध कमी गेलं की अंगातलं पाणी घटतं आणि मीठ मागं राहतं. आक्का म्हणाल्या मग लावा सलाईन भराभर. तिथंच तर मेख आहे. सोडियम भराभर उतरवलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात, म्हणून दोन दिवस हळूहळू, सारखं रक्त तपासत. हे मलाही इतकं माहीत नव्हतं. ताप आहे म्हणून इन्फेक्शनचंही बघितलं, ते निघालं नाही.

तिथल्या सिस्टरनं पोरीला दूध काढायला शिकवलं, खोलीभर बाळं सांभाळत. घरी आल्यावर बसकं बोंड बाहेर काढायला मी सिरिंजचं दाखवलं. दहा एमएलची नवी सिरिंज, सुई लावायच्या बाजूचं टोक ब्लेडनं कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूनं घालायचा आणि गुळगुळीत बाजू बोंडावर ठेवून हलकं ओढून मिनिटभर धरायचं, पाजायच्या आधी. पाच-दहा रुपयांचं काम. पुण्याच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात चार दिवस होती, कुणी सांगितलं नाही. डिस्चार्ज कार्डावर टाक्यांचं होतं, नाळेचं होतं, लसीची तारीख होती, बिल तर होतंच. वजनाला कधी आणायचं ते नव्हतं.

बाळ आता चार किलोच्या पुढं आहे, अंगावरच पितंय, चांगलं भोकाड पसरतंय. विकासाची तपासणी पुढं करत राहायची आहे, म्हणून मी अजून आक्कांना 'सगळं ठीक आहे' म्हणलेलं नाही.

माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीनं फिरलंय. आक्का आता गल्लीभर सांगतात, "नुसतं अंगावरचं अंगावरचं करून पोरगं दवाखान्यात गेलं." आणि दोन-तीन घरांत पावडरचा डबा आलाय, जिथं आयांना भरपूर दूध आहे तिथं. मी सांगायला गेले तर म्हणतात आक्कांच्या नातवाचं झालं ना मग. काय बोलणार? आक्का खोटं बोलत नाहीत, बाळ उपाशी आहे हे त्यांनीच ओळखलं. उपाय त्यांचा चुकीचा होता, तक्रार बरोबर होती. आणि बायकांना दाखवायच्या आमच्या चित्रांच्या फ्लिपचार्टात म्हातारी असते ती गुटीची वाटी किंवा मधाचं बोट घेऊनच उभी, तिचं ऐकू नका म्हणायला. लंगोट्या मोजणारी म्हातारी कुठल्या चित्रात नाही.

आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना म्हणलं, फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायला सांगा, जन्मवजनापेक्षा किती टक्के कमी, आणि माहेरी आलेल्या बाळांचंही काहीतरी करा. त्या म्हणाल्या फॉर्म वरून येतो. त्या बाळाच्या भेटी पुढं मी सगळ्या केल्या, वहीत लिहिल्यात. पैशाचं विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या यादीत नाही ना ते.