कधीच नसलेल्या जेटचं धुराडं

गेले तीन महिने टेबलावर अर्धवट पडलेलं प्लास्टिकचं मॉडेल विमान रविवारी एकदाचं संपलं. नाव वावटळ, स्केल १:७२, रॉयल इंडियन एअर फोर्स, साल १९४७. गुगल करू नका, काही सापडणार नाही, हे विमान कधी झालंच नाही. मॉडेलवाल्यांमध्ये याला व्हॉट-इफ म्हणतात, म्हणजे समजा असं झालं असतं तर. बहुतेक लोक यात जर्मनांची कागदावरच राहिलेली विमानं करतात, टीए १८३ वगैरे, आणि ती दिसतातही भारी, पण आता त्यांची तयार किटं मिळतात मग आपण डोकं कुठे लावायचं? (टीए १८३ वाला कुर्ट टँक पुढे १९५६ मध्ये बंगलोरला आला आणि आपलं मारुत हे जेट फायटर त्यानंच डिझाइन केलं, पण त्यात शिरलो तर हे राहील.)

मला पाहिजे होतं अगदी सुरुवातीचं, जुगाडू जेट. म्हणजे हँगरमध्ये पंख्याचं विमान उभं आहे, कुणीतरी जेट इंजिन आणून टाकलंय आणि साहेब म्हणतायत बसवा यात. हे वाटतं तेवढं येडपट नाही, रशियनांनी खरंच केलंय. याक-३ च्या नाकातलं पिस्टन इंजिन काढलं, तिथे जर्मन जुमो ००४ या जेट इंजिनाची कॉपी बसवली, धूर पोटाखालून सोडला, झालं याक-१५ तयार आणि २४ एप्रिल १९४६ ला उडलं पण. स्वीडनने साब २१ या पंख्याच्या फायटरचं असंच जेट करून टाकलं. आपल्याकडे तेव्हा टेम्पेस्ट मार्क २ ही पंख्याची ब्रिटिश फायटर होती, काश्मीरच्या लढाईत हीच वापरली, आणि बंगलोरला वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये उभी केलेली हिंदुस्थान एअरक्राफ्ट होती. या लोकांनी कानपूरला भंगारात पडलेले, वर मुद्दाम मोडतोड करून ठेवलेले लिबरेटर बॉम्बर दुरुस्त करून उडवलेत, एक-दोन नाही चाळीसच्या वर, त्यांना एक इंजिन बदलायला काय होतंय.

मग ठरलं, टेम्पेस्टमध्ये गॉब्लिन घालायचं. गॉब्लिन म्हणजे व्हॅम्पायर या सुरुवातीच्या ब्रिटिश जेट फायटरचं इंजिन. पण इथेच पहिली गोची, कारण जुमो असतं लांब आणि सडपातळ, त्यात हवा सरळ मागे मागे दाबत नेतात, आणि ब्रिटिशांची तेव्हाची इंजिनं सेंट्रिफ्युगल, हवा बाहेरच्या बाजूला भिरकावणारी, त्यामुळे आडवी वाढलेली, त्यात गॉब्लिनला बाहेरून गोल १६ कम्बशन चेंबर, म्हणजे इंधन जळतं ते डबे. फायटरच्या बारीक नाकात हा ड्रम मावणार कसा? आठवडाभर नुसता विचार करत होतो, किटला हातही लावला नाही. मग आकडे काढले. गॉब्लिनचा व्यास ५० इंच. टेम्पेस्ट मार्क २ चं मूळ इंजिन सेंटॉरस, १८ सिलिंडरचं रेडियल, म्हणजे सिलिंडर गोलात मांडलेलं, त्याचा व्यास ५५ इंचांच्या थोडा वर. म्हणजे मावतंय की! १:७२ मध्ये एक साडेसतरा मिलिमीटर आणि दुसरं साडेएकोणीस. हे कळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि सांगायला जागं कुणी नव्हतं.

पण मावलं म्हणजे झालं असं नाही ना. सेंटॉरसचं वजन १२०० किलोच्या वर, गॉब्लिन ७०० च्या आसपास. शिवाय पुढचा पंखा गेला. म्हणजे नाक एकदम हलकं, विमान शेपटावर जड, असलं विमान वर गेलं की पायलटचं काही खरं नाही. म्हणून इंजिन पुढे सरकवायचं, म्हणून नाक ५ मिलिमीटर वाढवलं, खऱ्या विमानात ते ३६ सेंटिमीटर होतात. प्लास्टिकच्या विमानाला गुरुत्वमध्य लागत नाही हे मलाही माहितीय, ते कपाटातच बसणार आहे. पण खऱ्या विमानाचं मॉडेल करताना शंका आली की फोटो बघायचा आणि गप बसायचं. इथे फोटोच नाही. प्रत्येक भोकाला कारण आपणच द्यायचं, नाहीतर मग ते खेळण्यातलं विमान.

नाकाचं तोंड स्केचपेनच्या टोपणाचं, आतून पॉलिश पेपर मारून कडा पातळ केली. त्यावर पुटीचे चार थर. पावसाळ्यात पुटी वाळता वाळत नाही, त्यात घाई केली आणि घासताना सगळी पोपडी निघून आली, परत पहिल्यापासून.

धुराड्याने सगळ्यात जास्त छळलं. व्हॅम्पायरला शेपटीसाठी दोन दांडे का दिले ते तेव्हा नीट कळलं. इंजिनातली ताकद लांब पाइपातून न्यायला लागली की कमी होते, मग पाइप आखूड ठेवा आणि शेपूट दोन्ही बाजूंनी मागे न्या. मला ते करायचं नव्हतं, ते केलं तर टेम्पेस्ट राहतच नाही. म्हणून याकसारखंच, इंजिन जरा तिरकं आणि पाइप पंखांच्या खाली पोटातून बाहेर. पाइप म्हणजे बॉलपेनच्या मागचा तुकडा तिरपा कापून. त्याच्या मागे सगळी आग पोटावर येणार, तर तिथे स्टीलचा पत्रा पाहिजे, तो चहाच्या पुड्यातल्या चांदीच्या कागदाचा केला, आणि मागचं चाक रबरी ठेवून चालणार नाही, वितळेल. याक-१५ ला म्हणून मागे अख्खं स्टीलचं चाक होतं. मी पण तेवढ्या एका चाकाला टायरचा काळा न देता स्टीलचा रंग दिला, जेमतेम डाळीएवढं चाक, पण मला अख्ख्या मॉडेलमध्ये तेच सगळ्यात आवडतं.

पुढचे उंच पाय मात्र तसेच ठेवले. ते मुळात एवढे उंच पंखा जमिनीला लागू नये म्हणून, आता पंखा नाही, पण खाली धुराडं आलंय, त्यालाही जागा नको का?

रंगाला फार वेळ गेला नाही. वर हिरवा-करडा कॅमोफ्लाज, आणि राउंडेल, म्हणजे हवाई दलाचं गोल चिन्ह, अशोकचक्राचा, पांढऱ्यावर निळं चक्र, तिरंगी गोल यायच्या आधी थोडी वर्षं आपल्या विमानांवर होता तो. डेकल, म्हणजे चिकटवायची चित्रं, किटमधलीच. कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, सुपरग्लूच्या वाफेने एका बाजूने धुरकट झाली, ती बाजू भिंतीकडे.

बायको बघून म्हणाली, छान झालंय, पण याचा पंखा लावायचा राहिलाय ना रे? समजावून सांगितलं. मग म्हणाली, म्हणजे चांगलं उडणारं विमान घेऊन त्याचा पंखा काढलास. खरंय तिचं. याच इंजिनावर व्हॅम्पायर सुसाट जायचं कारण ते हलकं होतं, पुढचा भाग तर प्लायवूड आणि बाल्साचा. टेम्पेस्टचं धूड त्याच इंजिनावर रडतखडत गेलं असतं, आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये खरी व्हॅम्पायर आली की वावटळ सरळ ट्रेनिंगला नाहीतर भंगारात. माझ्या गोष्टीत पण तसंच आहे, एकूण सहाच बनली.

काल एक मॉडेलवाला मित्र आला होता. पाच मिनिटं विमान फिरवून फिरवून बघितलं आणि उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, हा ऑइल कूलर कशाला ठेवलास? मी बघतच राहिलो. सेंटॉरसचा ऑइल कूलर तो, तिथलं भोक बुजवायचंच राहिलं, तीन महिने नाकाडोळ्यांत गेले आणि पंखांकडे बघितलंच नाही. आता रंगसुद्धा झालाय. मी म्हणालो, तो कूलर नाही, पायलटच्या पायाखाली जळतं इंजिन आहे, त्याला वारा नको? मित्र म्हणाला, मग डाव्या बाजूला पण आहे की एक. म्हटलं, एका पायाला एक.