बॉबस्ले म्हणजे नुसतं घसरणं नाही हो

मामाला फोनवर सांगितलं की स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला बॉबस्लेची, म्हणजे बर्फाच्या नळीसारख्या ट्रॅकवरून उतारावर सुटणाऱ्या गाड्यांची, रेस बघून आलो, तर म्हणाला, बर्फावरून घसरायचं, त्यात खेळ कसला. मला ते लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे गाडी आपोआप घसरत नाही, काटेरी बूट घालून चौघं जण ती जीव खाऊन ढकलतात, साधारण ५० मीटर, आणि पळत्या गाडीत एकामागोमाग एक उडी मारून बसतात. तिथे शतांश सेकंद गेला की खालपर्यंत तो वाढतच जातो. आमच्या जुन्नर-खेडकडे शर्यतीच्या घाटात बैलगाड्याची बारी, म्हणजे एकेक धाव, सेकंदावर मोजतात ना, तसाच सगळा जीव घड्याळात. पुढे बसलेला पायलट दोन दोऱ्यांनी गाडी वळवतो, बाकीचे मान खाली घालून बसतात, त्यांना काही दिसत नाही, वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास! आणि ब्रेक कधी, तर रेस संपल्यावर.

पण मला सगळ्यात जास्त आवडला तो त्यांचा एक नियम. गाडीखाली स्टीलचे रनर असतात, म्हणजे बर्फावर सरकणाऱ्या पट्ट्या. गरम स्टील बर्फावर जास्त सरकतं, म्हणजे कोणी गुपचूप रनर तापवले तर फुकटचा वेग. म्हणून स्टार्टपाशी एक नमुन्याचा रनर तासभर आधीपासून सावलीत टांगून ठेवतात आणि प्रत्येक गाडीचे रनर मोजून बघतात, त्याच्यापेक्षा ४ अंशांहून जास्त गरम निघाले तर टीम बाद. तिथे मोठा देश, छोटा देश काही नाही. वजनाचंही तसंच, चौघांसकट गाडी ६३० किलोच्या वर नको. आपल्याकडे गल्लीतल्या टुर्नामेंटला अंपायर कोणाचा यावरून भांडणं होतात, त्यामुळे मला हे फार भावलं, आणि इथे राहतो म्हणून इथलं कौतुक करतोय असं कोणी म्हणू नका, चांगलं ते चांगलं.

इथला ट्रॅक १९०४ पासूनचा, १७२२ मीटर, अजूनही नैसर्गिक बर्फाचा, दर हिवाळ्यात नव्याने हाताने बांधतात. बाकी ठिकाणी काँक्रीटमध्ये कूलिंगचे पाइप असतात.

ऑफिसमधला एक जण मात्र म्हणाला, तुमच्याकडे हे कुठलं असणार. त्याला शिवा केशवनचं नाव सांगितलं. मनालीजवळचा हा मुलगा, खेळ ल्यूज, म्हणजे पाय पुढे करून उताणं झोपून जायचं, पण बर्फाची नळी तसलीच. देशात एकही ट्रॅक नाही, तर स्लेजला चाकं लावून हिमालयातल्या रस्त्यांवर सराव केला आणि १९९८ ते २०१८ सहा ऑलिंपिक खेळला. ट्रॅक दाराशी असणाऱ्यांनी आम्हाला असलं विचारू नये.

कोणी हिवाळ्यात इकडे येणार असाल तर झुरिचहून ट्रेन पकडा, कूरला बदलायची, आणि हॉर्स-शू नावाच्या मोठ्या वळणापाशीच उभे रहा, गाडी भिंतीवर चढलेली तिथे नीट दिसते. मामा, तिकिटाचं मी बघतो, तू फक्त ये.